सकाळच्या चहाआधीची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिलमधली गोष्ट. सासूबाईंची शुगर दाखवायला एक ताई दवाखान्यात आल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ह्यांच्या अंगात स्वेटर. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा. मी सहज विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?" म्हणाल्या, "मला काय झालंय! जरा दमायला होतं, एवढंच." पाळीत अंगावरून खूप जातं, पोट साफ होत नाही, केस मूठभर गळतात, हे सगळं खोदून विचारल्यावर निघालं. दोन वर्षं त्या हे अंगावर काढत होत्या. रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड अगदी मंदावलेला निघाला.

थायरॉइड म्हणजे गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढ्यात बसलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. तिचं संप्रेरक कमी पडलं की सगळं शरीर संथ होतं. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. पुष्कळदा कारण असतं हाशिमोतोचा आजार. हकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. यात आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते. म्हणून घरात आयोडीनचं मीठ असूनही हा आजार होतो, आणि त्यात त्या बाईची काही चूक नसते.

रिपोर्ट हातात आला की टीएसएचचा आकडा पाहून गोंधळ होतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी हाक मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. थायरॉइड ऐकेनासा झाला की हाक मोठी होते. म्हणून आकडा वाढलेला असेल तर थायरॉइड बहुधा कमी पडतोय. उलट, तो जास्त काम करत असेल तर धडधड, हातांना कंप, घाम, वजन उतरणं, अशी लक्षणं दिसतात. पंचेचाळिशीनंतर हे सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं जातं. तपासल्याशिवाय टाकू नका.

आता थायरॉइड कमी पडल्यावर जी रोजची गोळी देतात तिच्याबद्दल, कारण खरी गडबड इथेच होते. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. सकाळी सगळ्यांचा चहा, डबे, मुलांची शाळा यात हा अर्धा तास बाईला कोण देतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरातल्यांना सांगते, तो तिला द्या. गोळीची बाटली किंवा पाकीट उशाशी ठेवा, उठल्याउठल्या घेऊन टाका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र हिच्याबरोबर कधीच नको, मध्ये चार तास जाऊ द्या. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मग डॉक्टर डोस वाढवत राहतात आणि आकडा काही हलत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांमुळे रक्ताचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. त्याआधी खरं चित्र दिसत नाही. बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःहून गोळी सोडू नका. बरं वाटतंय ते त्या गोळीमुळेच.

बाळंतपणानंतर वर्षभरात नव्यानेही थायरॉइड बिघडू शकतो. थकवा, उदासी, चिडचिड हे सगळं जागरणामुळेच आहे असं धरून बसू नका.

आणि ज्या मुली आधीपासून गोळी घेताहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पहिले तीन महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं, त्याच्या मेंदूची वाढ त्यावर होते. दिवस गेले की औषधं नकोत, असं घरचे म्हणतील. ही गोळी बंद करायची नाही, उलट बहुतेकींना ती वाढवावी लागते. पाळी चुकून दिवस राहिल्याचं कळलं की सोनोग्राफीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि टीएसएच करून घ्या.

नमस्कार.