मुक्या पक्ष्यांचा पहारा

टिटवीच्या घरट्याजवळून नुसतं कोणी गेलं तरी ती सगळं शिवार डोक्यावर घेते. शिकरा दिसला की सातभाई कलकलाट करत झुडपात घुसतात. झोळीवाल्याकडे, म्हणजे पेलिकनकडे, ही सोय नाही. त्याची पिल्लं भरपूर ओरडतात, पण मोठा झालेला पक्षी जवळजवळ मुकाच. घरट्यापाशी थोडं घुरघुरणं, चोच वाजवणं, संपलं. मग शेकडोंच्या वसाहतीत धोका कळतो कसा? डोळ्यांनी. शेजाऱ्याची मान ताठ झाली की आपलीही होते.

यामागचं गणित पुलियम नावाच्या शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं होतं. थवा जितका मोठा, तितकी कुणा एकाची तरी नजर शिकाऱ्यावर पडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे प्रत्येकाला खाली मान घालून खायला किंवा पिसं साफ करायला जास्त वेळ मिळतो. त्याआधी, १९७१ मध्ये, हॅमिल्टन या दुसऱ्या शास्त्रज्ञानं जरा कडू गोष्ट सांगितली होती: थव्यात शिरणारा प्राणी इतरांच्या प्रेमापोटी शिरत नाही, स्वतःच्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरं कुणीतरी असावं म्हणून शिरतो. मला दोन्ही पटतात.

पण मोठा पांढरा पेलिकन मासेमारी करतो तेव्हा वेगळंच दिसतं. हे पक्षी अर्धवर्तुळ करून पोहतात, मासळी उथळ पाण्याकडे रेटतात आणि जवळजवळ एकाच वेळी चोची पाण्यात घालतात. म्हणजे त्या क्षणी पहाऱ्यावर कुणीच नाही! दहा-दहा किलोच्या पक्ष्यांना उघड्या पाण्यात भीती ती कोणाची, असं माझं मत. आपल्या दक्षिणेतला ठिपकेदार चोचीचा पेलिकन मात्र बहुधा एकटा किंवा दोघा-चौघांच्या टोळीनं मासे धरतो.

खरी कसोटी घरट्यावर. पेलिकन अंडी पोटाखाली नव्हे, पायांच्या रुंद पडद्याखाली उबवतो. त्यामुळे दचकून उठला तर त्याच्याच पायानं अंडं लाथाडलं जातं किंवा फुटतं. उडून गेला तर उन्हात अंडी तापतात आणि कुरव (सीगल) टपलेलेच असतात. म्हणजे घाबरायलाही किंमत मोजावी लागते. आणि एक उठला की शेजारी उठतो. नजरेनं चालणारी व्यवस्था खोटी भीतीही तितक्याच वेगानं पसरवते.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधलं चेस लेक १९०८ मध्ये संरक्षित झालं, तेव्हा तिथे जेमतेम पन्नास पेलिकन उरले होते. पुढे ती मोठी वसाहत झाली. २००४ च्या उन्हाळ्यात तिथल्या सुमारे २८ हजार पक्ष्यांनी अंडी-पिल्लं टाकून वसाहत सोडली. कोयोट म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या जनावरानं किंवा तशाच शिकाऱ्यानं हुसकावलं असावं, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. जमिनीवर घरटी करणाऱ्यांना हा धोका असतोच.

याच्या अगदी उलट चित्र कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूर गावाचं. ठिपकेदार पेलिकन तिथे चिंचेच्या आणि वडा-पिंपळाच्या झाडांवर, घरांच्या अगदी वर, घरटी करतात. खाली बैलगाड्या, पोरं, कोंबड्या, आणि वर पक्षी निवांत. गावकरी त्यांच्या विष्ठेचं खत शेतात घालतात, घरट्यातून पडलेली पिल्लं तरुण मंडळी सांभाळतात. माणसाची ती रहदारी म्हणजे धोका नव्हे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या पक्कं झालंय. नजर त्यांची मोडलेली नाही. कुणाकडे लक्ष द्यायचं ते ठरलेलं आहे. वरून समुद्री गरुडासारखं काही आलं तर त्या माना पुन्हा ताठ होतील.

मग पेलिकन बघायला गेलं तर वसाहतीपासून किती मीटरवर थांबायचं? आकडा मी देणार नाही, कारण जागेनुसार तो बदलतो. कोक्करे बेल्लूरच्या अंगणात चालणारं अंतर अनोळखी तळ्यावर चालणार नाही. दुर्बिणीतून माना बघा. दोन-चार ताठ झाल्या तर तिथेच थांबा, आणखी वाढल्या तर हळूच मागे सरा. ड्रोन असेल तर तो गाडीतच राहू द्या.