तिवरकोट: भरतीच्या घड्याळावर चालणारं गाव

[दृश्य: खाडीचं मुख, पहाटेचा अंधार. तटावर एकच दिवटी. लाटांचा आवाज.]

तिवरकोट नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. हे कल्पित जगातलं कोटबंद गाव आहे. पण ते बसवलंय कोकणच्या किनाऱ्यावर, मालवणच्या बाजूचा समुद्र, जांभा दगड आणि पाऊस गृहीत धरून. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खंदक, आत दोन हजार माणसं. कल्पना आपली असली, तरी पाणी आपल्या मर्जीने चढत-उतरत नाही. म्हणून या गावाचा कारभार लिहायचा, तर आधी पंचांग उघडावं लागतं.

कोटबंद गाव म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दरवाजा. सूर्य मावळला की बंद, उगवला की उघडा. घाटावर हे ठीक आहे. खाडीच्या तोंडावर हा नियम लावला, तर गाव महिन्याभरात उपाशी मरेल.

कारण साधं आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला त्यावर होडीचा तळ टेकतो. बाहेर पडायचं तर पूर्ण भरतीच्या आगेमागेच, आणि भरती काही कोंबडा आरवायची वाट बघत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट, तीन. म्हणजे रात्री तीनला पाणी भरलेलं, आणि पुन्हा साधारण साडेबारा तासांनी दुपारी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, तिथून पुन्हा पहिल्यापासून. हे गणित किनाऱ्यावर आजही तोंडी चालतं. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा फरक ज्याचा त्याला ठाऊक असतो.

[दृश्य: तांब्याचं घटिकापात्र, जवळून. बुडाच्या भोकातून पाणी आत येतंय.]

म्हणून तिवरकोटाला दरवाजे दोन आणि वेळा दोन. जमिनीकडचा खंदक दरवाजा सूर्यावर चालतो. खाडीकडचा दर्या दरवाजा भरतीवर. पूर्ण भरतीच्या तीन घटिका आधी उघडायचा, तीन घटिका नंतर लावायचा. घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, म्हणजे दार एकूण दोन तास चोवीस मिनिटं उघडं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दाराची वेळही रोज दोन घटिकांनी सरकते. गावात कुणी कुणाला 'रोजच्या वेळेला भेटू' असं म्हणत नाही. म्हटलं, तर समोरचा विचारतो, 'कुठल्या?'

ही वेळ सांगायची कुणी? जोशीबुवांनी. ते इथे नुसते मुहूर्त काढून देणारे नाहीत, गावचे पगारी नोकर आहेत. त्यांच्या ओटीवर पितळी घंगाळ, त्यात तरंगणारं तांब्याचं पात्र, बुडाला सुईएवढं भोक. पात्र भरून बुडालं की घटिका झाली, एक टोला. सोपं दिसतं, पण बिघडायला जागा खूप. घंगाळात विहिरीचं मचूळ पाणी घातलं की भोकाच्या कडेला क्षार बसतात, भोक बारीक होतं, पात्र उशिरा बुडतं. सूर्योदयापासून मोजताना तीन घटिका मागे पडल्या, तर त्या दिवशी दार तासाहून अधिक उशिरा उघडतं, आणि होड्या दांड्याच्या आतच अडकतात. म्हणून घंगाळात फक्त पावसाचं साठवलेलं पाणी, आणि दर एकादशीला पात्र चिंचेने घासायचं. हलक्या हाताने. जोरात घासलं, तर भोक मोठं होऊन घड्याळ पुढे पळतं.

दुसरी चूक याहून छुपी. घटिका मोजतात सूर्योदयापासून, आणि कोकणात सूर्योदय वर्षभरात तासाभराने पुढेमागे होतो. मार्गशीर्षातला हिशेब जोशीबुवांनी तसाच वैशाखात चालवला, तर घटिकापात्र बरोबर असूनही दार चुकतं.

कल्पित जग रचताना आकाशात दोन चंद्र टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. चित्र छान दिसतं. पण मग पाऊणपटीचं गणित मोडलं, जोशी गेले आणि त्यांच्यामागे दर्या दरवाजाही गेला. तिवरकोटाला चंद्र एकच आहे, पुरतो.

[दृश्य: दर्या दरवाजा. उंबऱ्याखालच्या खडकावर कालवं, त्यावर काळपट पट्टा.]

दरवाजाचा उंबरा किती उंच ठेवायचा, हे खडकच सांगतो. कालवं जिथे संपतात, त्याच्या वर खडकाला एक काळपट पट्टा असतो. उधाणाचं पाणी आणि तुषार तिथवर पोचतात. त्या पट्ट्याच्या वर एक हात उंबरा. मालवणच्या बाजूला उधाणाची चढउतार साधारण दोन मीटरची, मुंबईकडे ती मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर जाते. म्हणजे हाच दरवाजा उचलून वसईला नेऊन बसवता येणार नाही. तिथे उंबऱ्यापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत पायऱ्याच दुप्पट लागतील.

दाराची झडप सागवानी. आषाढात लाकूड फुगतं, दार चौकटीला घासतं. नवशिका सुतार काय करतो? रंधा मारतो. दार बसतं, सगळे खूश. मार्गशीर्षात लाकूड आक्रसलं की त्याच जागी दोन बोटं फट. त्या फटीतून शत्रूचा बाण येईल तेव्हा येईल, आधी येतो खारा वारा, आणि आतल्या लोखंडी अडसराला गंज चढतो. जाणता सुतार चैत्रातच कडेला अंगठ्याएवढी जागा सोडतो, वरून आडवी पट्टी मारतो आणि फळ्यांना माशाचं तेल पाजतो. होडीला पाजतात तसंच.

मोठी झडप रोज उघडत नाहीत. तिच्यातच कापलेली दिंडी असते, एक माणूस वाकून जाईल एवढी. माशाच्या पाट्या तिथूनच आत येतात आणि जकातीचा कारकून तिथेच बसतो. दहा पाट्यांना एक मासळी गावची. कुठली मासळी, यावर रोज भांडण होतं.

[दृश्य: तळं, कोरड्या दिवसांत. पायऱ्यांवरच्या पाण्याच्या जुन्या रेघा.]

आता पाणी. कोटबंद गाव वेढ्यात पडतं ते बहुधा तहानेने. कोकणचे जुने बांधकामवाले हे ओळखून होते. सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं, चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. तिवरकोटाला दोन्ही दिलंय, एक तळं आणि एक विहीर. का, ते आकड्यांत बघा.

माणशी दिवसाला २० लिटर धरा, पिण्या-रांधण्याला आणि थोडं वर. दोन हजार माणसांना ४० हजार लिटर. ऑक्टोबर ते मे हे २४० कोरडे दिवस. झाले ९६ लाख लिटर, म्हणजे ९,६०० घनमीटर. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, चार मीटर खोल तळं. कागदावर चोख बसलं. पण ऊन पाणी पितं, त्याचं काय? रोज पाच मिलिमीटर उडालं, तरी आठ महिन्यांत १.२ मीटर गेलं. तळ्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त. ते धरलं नाही, तर चैत्र निम्मा व्हायच्या आत तळं कोरडं. म्हणून खोली ५.२ मीटर, आणि तळाला गाळ बसतो त्यासाठी आणखी हातभर. खोल आणि अरुंद केलं, तर ऊन कमी पितं, पण जांभ्यात खोल जाल तसे झरे बाहेरच्या बाजूला फुटायची धास्ती.

भरायचं कसं? पाऊस अडीच मीटर धरला, म्हणजे अडीच हजार मिलिमीटर, तर तळ्यावर थेट पडणाऱ्या सरींनी ते निम्मंच भरतं. उरलेलं छपरांवरून, पन्हळीतून. प्रत्येक घराच्या पन्हळीला गाव मालक आहे, घरवाला नाही. मृगाचे पहिले आठ दिवस पन्हळी बाहेर वळवून ठेवायच्या, कारण आठ महिन्यांचं मीठ आणि कावळ्यांची घाण कौलांवर असते. आठ दिवसांनी कोतवाल दवंडी देतो आणि एका दिवसात सगळ्या पन्हळी आत वळतात. उत्साहाने आधीच वळवणाऱ्याला दंड आहे.

विहिरीची गंमत वेगळी. समुद्राच्या काठी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, जड खारं खाली. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक हात असेल, तर खाली ते साधारण चाळीस हात गेलेलं असतं. उलट बाजूने वाचा: वरून एक हात उपसून घालवलात, तर खालचं खारं चाळीस हातांपर्यंत वर सरकायला बघतं. एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला पावसाळे जावे लागतात.

मग माणसाला उपसण्यापासून रोखायचं कसं? पहारा ठेवून नाही. पहारेकऱ्यालाही तहान लागते. तिवरकोटात विहिरीचा दोर गावचा असतो आणि त्याची लांबी ठरलेली. पाणी खुणेच्या खाली गेलं की कळशी पोचतच नाही. विषय संपला.

[दृश्य: काथ्याचा दोर, गाठ, शेजारी हातभर मापाची काठी.]

दोर काथ्याचा, नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून वळलेला. भिजून, ओझं पेलून तो लांबतो. सहा महिन्यांत हातभर सहज, आणि तो हातभरच घातकी. म्हणून दर अमावास्येला तो काठीला लावून मोजतात आणि वरची गाठ खाली सरकवतात. पाणी बिघडतंय हे जिभेच्या आधी चुलीला कळतं. तूरडाळ शिजेना, की बायका कोतवालाकडे जातात. कोतवाल दोर मोजायला येतो.

[दृश्य: तटाच्या पायथ्याशी गटाराचं तोंड, लाकडी झडप ओहोटीला हळूच उघडते.]

सांडपाण्याचं तोंड खाडीत. बाहेरून टांगलेली लाकडी झडप, वरच्या बाजूला खुंटावर फिरणारी. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांत, रायगडच्या बाजूला हिलाच उघाडी म्हणतात. माणूस नको, किल्ली नको. पण भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओहोटी पुरती खाली जात नाही. झडप अर्धवट उघडते, घाण आतच राहते. म्हणून रस्ते धुणं, गोठे काढणं, मासळीबाजाराची फरशी घासणं ही कामं पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन दिवसांत, ओहोटी सगळ्यांत खोल असते तेव्हा. अष्टमीला अंगण धुणाऱ्या नव्या सुनेला शेजारीण सांगते, 'बाय, आज नको.'

आणि झडपेत तिवराची फांदी अडकली तर? भरतीचं पाणी गटारातून उलटं बाजारात. वर मुसळधार पाऊस असला, तर दोन्ही पाण्यांना जायला जागा नाही. हे कल्पित नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा वाशिष्ठीच्या पुराला खाडीतली भरती आडवी आली होती. तिवरकोटात आषाढ-श्रावणाच्या प्रत्येक उधाणाला दोन माणसं झडपेवर बसवतात, कोयता घेऊन.

कारभाराचं थोडक्यात. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत अशी माणसं असत, एकाच्या हाती सगळं नाही. इथेही किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, वेळ जोशांकडे. किल्ली असून वेळ माहीत नाही, वेळ माहीत असून किल्ली नाही. गावसभा बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या पिढीजात मानकऱ्यांची, सुरुवात गाऱ्हाण्याने, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याने. प्रत्येक ओळीला 'व्हय महाराजा' म्हणायचं. ज्या ओळीला कुणी म्हणत नाही, त्या ओळीवर चर्चा होते. सभेची ही पद्धत वेळखाऊ नाही, दिसते तशी.

[दृश्य: रात्र. तटाची कड. कुणी दिसत नाही, काठीचा ठोका ऐकू येतो.]

शेवटची नोंद पगारपत्रकातली. कोकणात गावाच्या शिवेला राखणदार असतो, रात्री हद्द फिरतो, काठी आणि वहाणांसकट, असं मानतात. तिवरकोटाच्या जगात तो खरंच फिरतो, आणि हजेरीपटावर त्याचं नाव आहे. पगार वर्षाला एक घोंगडी, एक काठी, चामड्याच्या वहाणांचा एक जोड. पाडव्याला नवा जोड तटावर ठेवायचा, जुना उचलून आणायचा.

जुना जोड फेकत नाहीत. सबनीस, कोतवाल आणि गवंडी तो पालथा घालून बघतात. तळाला काय चिकटलंय? जांभ्याची तांबडी माती असेल तर ठीक, तट तांबडाच आहे. पांढरी भुकटी असेल तर चुना निखळतोय. टाचेच्या शिवणीत पिंपळाची मुळी अडकली असेल, तर ते सगळ्यांत वाईट. पिंपळ वरून तोडून भागत नाही, मूळ दगडाच्या सांध्यात जिवंत राहतं आणि पावसात चिरा उचकटतं. चिरा काढायचा, मूळ खरवडायचं, कळीचा चुना भरायचा, चिरा परत बसवायचा.

यंदाच्या जोडात डाव्या वहाणेची बाहेरची कड जास्त झिजली आहे. तटावरून उजवा हात गावाकडे ठेवून फिरणाऱ्याची डावी बाजू समुद्राकडे. म्हणजे चालताना तो बाहेर कलतोय, म्हणजे फरसबंदी बाहेर उतरली आहे. कुठे, ते शोधायला गवंड्याने भरलेली कळशी घेतली आहे. तटावर थोडं थोडं पाणी ओतत तो चाललाय. अजून पाणी आतच वाहतंय. तिसऱ्या बुरुजाच्या पुढे ते थांबतं, आणि मग हळूच समुद्राकडे वळतं.