बर्नच्या घड्याळात किती वाजले?

(दृश्य: त्सिटग्लोगे मनोरा, फिरणाऱ्या बाहुल्या)

स्वित्झर्लंडमधलं बर्न. तास पुरा व्हायला तीन-चार मिनिटं उरली की मनोऱ्यावरचा हा कोंबडा आरवतो, अस्वलांची मिरवणूक फिरते आणि खाली मोबाइल उंचावतात.

(दृश्य: क्रामगासे 49, अरुंद जिना)

मनोऱ्यापासून चार पावलांवर, दुसऱ्या मजल्यावरचं हे बिऱ्हाड. 1903 ते 1905 इथे आइनस्टाइन राहत होता. नोकरी पेटंट कचेरीत, तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ. विजेच्या तारांनी घड्याळं जुळवण्याच्या युक्त्यांचे अर्ज त्या काळी याच कचेरीत येत. एकाकी प्रतिभावंताची गोष्ट सांगताना ही कचेरी विसरली जाते. आणि प्रकाशाच्या इशाऱ्यांनी घड्याळं जुळवण्याचा विचार 1900 मध्येच मांडणारे पॅरिसचे गणितज्ञ प्वांकारेही.

(दृश्य: रेल्वे फलाट, घड्याळ)

‘गाडी सात वाजता येते’ म्हणजे काय? जून 1905 मध्ये पाठवलेल्या सापेक्षतेवरच्या निबंधात आइनस्टाइन इथूनच सुरुवात करतो. छोटा काटा सातावर येणं आणि गाडी येणं, दोन्ही एकाच वेळी. पण हे घड्याळापाशी उभं असताना. लांबच्या घटनेचं काय?

(दृश्य: रात्र, चंद्राकडे निघालेला हिरवा लेसर)

न्यू मेक्सिकोतली अपाचे पॉइंट वेधशाळा. अपोलो 11 च्या चांद्रवीरांनी 1969 मध्ये ठेवलेल्या परावर्तकापर्यंत प्रकाश जातो आणि परत येतो. जाऊन-येऊन साधारण अडीच सेकंद. समजा, झोत शून्य सेकंदाला निघाला. मग तो चंद्रावर पोचला, ती घटना आपल्या घड्याळातल्या सव्वाव्या सेकंदाची. कारण जायला लागला तेवढाच वेळ यायला लागला, असं आपण धरलं. मोजलं नाही, धरलं. एकाच बाजूचा प्रवास मोजायचा तर दोन्हीकडची घड्याळं आधी जुळलेली हवीत, आणि ती जुळवायलाच तर आपण बसलोय! म्हणजे चंद्रावरचं ‘आत्ता’ दिसत नाही, ते मागाहून हिशेबानं ठरतं. दिसतो तो सव्वा सेकंदापूर्वीचा चंद्र.

(दृश्य: क्रामगासेच्या कमानींखालून चालणारी माणसं)

वेगात असलेल्या माणसानं हाच हिशेब केला, तर उत्तर वेगळं येतं, आणि त्याचं घड्याळ बिघडलेलं नसतं. यातला एक जण देवयानी दीर्घिकेच्या दिशेनं चालतोय, दुसरा थांबलाय. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूरच्या त्या दीर्घिकेतलं दोघांचं ‘आत्ता’ सुमारे तीन दिवसांनी वेगळं.

(दृश्य: मनोरा, घंटेचे टोले)

टोले पडू लागलेत. रस्त्याच्या त्या टोकाला ते जरा उशिरा पोचतात.