खळ्यातला स्पुतनिक

(गणपतीची शाळा. पत्र्यावर पाऊस. अर्धवट मूर्तींच्या रांगा.)

श्रावणाच्या तोंडावर इथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. पाटावर मूर्ती, पाटाखाली मूर्ती. आणि कोपऱ्यात, त्याच रांगेत, बांबूच्या कांबींचा एक गोळा. त्यावर कागदाच्या लगद्याचा थर चढतोय. व्यास ५८ सेंटिमीटर. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत युनियनने सोडलेल्या स्पुतनिकचा, जगातल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचा, होता तेवढाच.

गोळा करणारी मुलगी चौदा वर्षांची. देवगड तालुक्यात, खाडीकाठी घर. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही. हायस्कूल लांब, एसटीची वेळ जुळेना, आणि घरच्यांच्या मनात तोवर वेगळंच घोळत होतं. आता आई घरी शिकवते. इतिहासाला या वर्षी एकच विषय घेतलाय: माणूस अंतराळात कसा गेला. ठरलेलं पुस्तक नाही. अट एकच, जे वाचशील ते हाताने करून दाखवायचं.

(मूर्तिकाराचे हात. मग मुलीचे हात.)

खरा स्पुतनिक ८३.६ किलोचा होता. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन अर्धगोल, ३६ बोल्टांनी जोडलेले, आत नायट्रोजन भरलेला. दोन अर्धे जोडताना सांधा दिसू द्यायचा नाही, हे तिला मूर्तिकार काकांनी दाखवलं. साच्यातल्या मूर्तीचेही पुढचा-मागचा असे दोन भाग असतात, त्यामुळे काकांना यात नवीन काहीच वाटलं नाही.

मग अँटेना. चार. दोन २.४ मीटरच्या, दोन २.९ मीटरच्या. वाचताना हे आकडे डोळ्यांखालून सहज निघून जातात. गणपतीच्या शाळेच्या दारातून बाहेर काढताना जात नाहीत.

(खळं. रुपेरी गोळा तुळशीशेजारी. आजोबा पेटी घेऊन बसतात.)

आजोबा भजनातले बुवा. स्पुतनिकचा सिग्नल नातीने त्यांना मोबाईलवर ऐकवला आणि पेटीवर काढून मागितला. एकच पट्टी. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी दाबायची, तेवढीच सोडायची. बॅटरी संपेपर्यंत, तीन आठवडे, जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी हा आवाज ऐकला. आजोबांचा हात मात्र थोड्याच वेळात भजनाच्या ठेक्याकडे वळतो. ते आम्ही फिल्ममधून कापलेलं नाही.

(पिंगुळी. जुन्या चित्रकथीची पानं, एकेक करून.)

वर्षाचं मोठं काम मात्र पिंगुळीत सुरू झालं. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाची घरं चित्रकथी सांगत आली. प्रसंगागणिक एक चित्र, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि अशा पानांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. रात्री देवळात एकेक पान उभं धरायचं आणि गात, बोलत आख्यान पुढे न्यायचं. साथीला वीणा, टाळ, हुडूक. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या जगाला या पोथ्यांची आठवण झाली. तोवर ही विद्या बापाने मुलाला ओसरीवर बसवून दिली होती. तिला वर्ग नव्हता, घंटा नव्हती. आणि ती टिकली.

पिंगुळीच्या एका कलाकाराने मुलीला आधी नुसते डोळे काढायला बसवलं. चेहरा बाजूने, डोळा मोठा, पुरता उघडा. दोन माणसं समोरासमोर आली की संवाद सुरू झाला असं समजायचं. सावली नाही, खोली नाही. गेरू, काजळी, हळद. मुलीने केलेल्या अंतराळाच्या पोथीत याच रीतीने रॉकेटं उडतात.

(विजयदुर्ग. ड्रोनचं दृश्य, समुद्राकडून तटाकडे.)

कोकणातली फिल्म आणि किल्ला नाही, असं होत नाही. पण पोथीचं पहिलं पान खरोखरच विजयदुर्गाचं आहे. १८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली या किनाऱ्यावरून देशात शिरली. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, हेलियमचा शोध इथेच लागला, असं अभिमानाने सांगतात. मुलीने नोंदी चाळल्या. त्या दिवशी सूर्याच्या प्रकाशात पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. ज्याचं नाव या ओट्यांशी जोडलं जातं त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने तीच रेषा ऑक्टोबरमध्ये पाहिली, इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय. म्हणून तिच्या पानावर मधोमध काजळीचा सूर्य, खाली किल्ला, उजव्या कडेला गुंटूर, आणि डावीकडे कोपऱ्यात टोपीवाला लॉकियर, सगळ्यांकडे पाठ करून. हे पान गावात जरा जपूनच उघडावं लागतं.

(पान उलटतं. पाठमोरा माणूस.)

हा कोरोलेव्ह. स्पुतनिकमागचा मुख्य अभियंता. जिवंत असेपर्यंत त्याचं नाव सरकारी गुपित होतं. जानेवारी १९६६ मध्ये तो वारला, तेव्हा जगाला कळलं. चित्रकथीत डोळा नाही तर पात्र नाही. पण या माणसाला डोळा दाखवायचा कसा? मुलीने त्याला पानोपानी पाठमोरा ठेवला. १९६६ च्या पानावर तो वळतो.

(लायका, अंतराळात गेलेली कुत्री. इथे निवेदन नाही. चित्र पूर्ण दिसू द्यावं.)

(गागारिनची पानं.)

१२ एप्रिल १९६१. माणूस पहिल्यांदा अंतराळात. १०८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. शेवटी गागारिन सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर पडला आणि वेगळ्या पॅराशूटने उतरला. ही गोष्ट सोव्हिएत सरकारने बरीच वर्षं दडवली, कारण विक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं. शेतात बटाटे लावणारी एक आजी आणि तिची नात, या दोघींना तो आधी दिसला. मुलीने आजीला काष्टी नेसवली होती. आईने ती पुसायला लावली. बटाट्यांना मात्र हात लावला नाही, आणि ते भाताच्या रोपांसारखे रांगेत उभे आहेत.

(सायकल. कॅरिअरवर पुठ्ठ्याचा शंकू. किनाऱ्यालगतचा रस्ता.)

थुंबा. केरळातलं मच्छीमारांचं गाव. चुंबकीय विषुववृत्त इथून जवळ जातं, म्हणून विक्रम साराभाईंना हीच जागा हवी होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी चर्चमधल्या लोकांपुढे विषय मांडला, आणि मेरी मॅग्डालीनच्या चर्चमध्ये रॉकेटं जुळवली जाऊ लागली. पहिलं उडालं २१ नोव्हेंबर १९६३ ला, सूर्यास्ताच्या वेळी. त्याने वर सोडलेला सोडियमचा नारिंगी ढग दूरवर दिसला. सायकलवरून रॉकेटचा शंकू नेणाऱ्या माणसांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. मुलीला फोटोवर निबंध नको होता. तिने शंकू बांधला आणि चढ चढून दाखवला. तेव्हा कळलं, की एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने मागे शंकू सांभाळत चालायचं. फोटोत दोन माणसं का आहेत, ते असं कळलं.

(टोपाचं ॲल्युमिनियमचं झाकण. खिळा, हातोडी. पार्श्वभूमीला भैरवी.)

१९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, मराठीतलीही एक. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या तबकडीचं आवरणही ॲल्युमिनियमचंच, म्हणून स्वयंपाकघरातलं झाकण गेलं. त्यावर ठोकून काढलेल्या चौदा रेषा म्हणजे चौदा पल्सार, ठरावीक तालात रेडिओ लहरी सोडणारे तारे. आमचं घर कुठे, ते सांगणारा नकाशा.

दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसायचं ठरलंय. गणित मागे आहे. बरोबरीच्या मुली संध्याकाळी हायस्कूलमधून आल्यावर भेटतात.

(रात्र. देवळाचा सभामंडप. पोथी उघडलेली, आजोबा पेटीवर.)

श्रोते घरचे, शेजारचे, आणि खाडीवरून थेट आलेले दोघे-तिघे मच्छीमार. पान १० ऑगस्ट १९७९ चं. श्रीहरिकोटा. भारताचं एसएलव्ही-३ रॉकेट वर जातं, आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळतं. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम, पण पत्रकारांपुढे बसले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. ती दोघांना समोरासमोर धरते. दोघांचेही डोळे मोठे.

मागून एक आवाज येतो: “मगे त्या रॉकेटाचा काय झाला? कोणाच्या जाळ्यात गावला काय?”

सभामंडप हसतो. ती पान उलटते. १८ जुलै १९८०, वर ३५ किलोचा रोहिणी उपग्रह.

“थांबा हो काका, फुडचा चित्र तर बघा!”