आधी छप्पर

(दृश्य: जूनचा दुसरा आठवडा. कॉलेजचं उघडं बास्केटबॉल कोर्ट. सिमेंटवर शेवाळ. रिंगवरून थेंब थेंब गळणारं पाणी.)

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारावर, मिरग (मृग नक्षत्र) लागला की असं कोर्ट चार महिने बंद पडतं. कुणी कुलूप लावत नाही. आठवड्याभरात शेवाळ धरतं, पहिला धावत येणारा आपटतो आणि मग दुसरा येत नाही. मी अशाच कोर्टावर खेळायला शिकलो. नवरात्र आलं की आम्ही खराटे घेऊन कोर्ट घासायचो. तोवर छपराखाली सराव करणारी मुलं आमच्या चार महिने पुढे गेलेली असायची. ते अंतर आम्हाला कधी कापता आलं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा खेळ मुळात छपराखाली जन्मला. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड गाव. थंडीमुळे मैदानं बंद, व्यायामशाळेत कोंडलेली अठरा दांडगी मुलं आणि त्यांचे शिक्षक जेम्स नेस्मिथ. मुलांना गुंतवायला त्यांनी एक खेळ रचला आणि पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर लागली. रिंग आजही त्याच उंचीवर असते. ज्या खेळाची उंचीसुद्धा एका इमारतीनं ठरवली, तो आम्ही कोकणच्या पावसात उघड्यावर मांडून बसलो.

मग कोकणातल्या विद्यापीठासाठी बास्केटबॉलचं बंदिस्त क्रीडागृह बांधायचं, तर ते कसं असावं?

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं उमटत जाणारा आराखडा.)

मापं सोपी आहेत. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. चहूबाजूंनी दोन मीटर मोकळी जागा. डोक्यावर सात मीटरपर्यंत कसलाही अडथळा नको. प्रेक्षकांच्या पायऱ्या धरल्या तर ४० बाय ३० मीटरचं छप्पर लागतं आणि मध्ये एकही खांब चालत नाही. खरा प्रश्न बांधायला सुरुवात कुठून करायची, हा आहे. त्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाकडे आहे.

अल्बुकर्की शहरातलं त्यांचं क्रीडागृह १९६६ साली उघडलं. तेव्हाचं अधिकृत नाव युनिव्हर्सिटी अरीना, पण सगळे त्याला ‘द पिट’ म्हणतात. द पिट म्हणजे खड्डा. वास्तुरचनाकार जो बोनिंग यांनी तिथे बांधकामाचा क्रमच उलटा केला. आधी सपाट जमिनीवर अवाढव्य छप्पर उभं केलं आणि मग त्याच्या खालची माती खणून काढली. कोर्ट रस्त्याच्या पातळीपासून ३७ फूट खाली गेलं. आपण दारातून आत शिरतो ते सगळ्यात वरच्या रांगेशी आणि तिथून खाली उतरत जातो. आसनं खड्ड्याच्या उतारावरच बसवली, त्यामुळे त्यांना पेलायला खाली खांबांचं जंगल उभारावं लागलं नाही. सुमारे १४ लाख डॉलरमध्ये जवळजवळ पंधरा हजार माणसांची जागा झाली.

छप्पर आधी! आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागेल का? मे महिन्यात कोकणातला प्रत्येक माणूस हेच करत असतो. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची, लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची. मिरगाच्या आत डोक्यावरचं नीट झालं पाहिजे, बाकीचं मागाहून.

खड्डा मात्र तसाच्या तसा उचलता येणार नाही. अल्बुकर्कीत वर्षाला २५० मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो. आणि इथला तांबडा, सच्छिद्र जांभा दगड पाणी पितो. त्याच्या भोकाभोकांतून पाणी उतरतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि वाट मिळेल तिथून झरा होऊन फुटतं. सड्यावरच्या सोडून दिलेल्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढलेले खड्डे) जुलैत बघा, काठोकाठ तळी झालेली असतात. तिथे ३७ फूट खाली कोर्ट नेलं, तर पहिल्याच श्रावणात होडी घालावी लागेल.

(दृश्य: सड्याची कड. उतरत गेलेली जमीन, खाली माड, पलीकडे खाडी.)

म्हणून माझं मन सड्याच्या कडेवर बसतं. तिथे जमीन आपणहून उतरते. डोंगराच्या बाजूला उतार कापून पायऱ्या काढायच्या आणि खालची बाजू मोकळी ठेवायची. झरा फुटलाच तर पायऱ्यांमागच्या चरातून आपल्या वजनानं बाहेर पडेल, पंप लागणार नाही. कापताना निघणारे चिरे भिंतींना वापरायचे. ताजा जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. खाण आणि बांधकाम एकाच जागी असण्याची ही सोय सगळ्यांना मिळत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जेसीबी आणण्याआधी गवत-माती झाडून कातळ नीट पाहायचा. रेषा दिसल्या तर जागा बदलायची, तिथे दुसरा विचार नको.

आता छपराबद्दल, कारण सगळा जीव तिथेच आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं. दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे कागदासारखे उडाले. वारा छप्पर दाबून पाडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो ते वर खेचतो. म्हणून पत्रा पट्टीला, पट्टी कैचीला (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची खांबाला आणि खांब पायाला, अशी साखळी शेवटपर्यंत घट्ट लागते. त्यातला एक ढिला बोल्ट सगळं छप्पर घालवू शकतो. शिवाय आधी छप्पर म्हणजे पहिला पावसाळा भिंतींशिवाय काढायचा. उघड्या बाजूंनी वारा आत शिरतो आणि खालूनही ढकलतो. पाया त्या हिशेबानं जड करायचा आणि निदान पश्चिमेची भिंत मिरगाआधी चढवायची. यात पैसे वाचवू नयेत. लोखंडाला जस्ताचा मुलामाही हवाच, खारा वारा नुसत्या रंगाला जुमानत नाही.

भोवताली पडवी हवी. झडीचा पाऊस आडवा येतो, म्हणून तर आपण घराच्या पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधतो. पण पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवायचं. वादळात गेलंच तर एकटं जाईल, मोठ्याला ओढून नेणार नाही. आणि पत्र्याखाली आवाज अडवणारा जाड थर द्यायचा. नुसत्या पत्र्यावर आषाढ कोसळायला लागला की पंचाची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

फरशीसाठी जगभर मेपलच्या फळ्या वापरतात. फळ्यांवर चेंडू छान उसळतो, गुडघे वाचतात. मलाही त्यांचा मोह आहे. पण मेपलला बेताची, साधारण ३५ ते ५० टक्के दमट हवा मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. बारमाही वातानुकूलन नसेल तर फळ्या फुगून कमान धरतील, उरलेलं वाळवी बघेल. उघड्या कोब्यालाही दमट दिवसांत घाम सुटतो. तेव्हा खाली ओल अडवणारा थर, त्यावर कोबा आणि वर रबरी आच्छादन. दिसायला साधं आहे, पण टिकेल.

(दृश्य: पागोळ्या. त्यांच्या खाली भरत जाणारा दगडी पाट.)

१,२०० चौरस मीटरचं छप्पर, त्यावर तीन मीटर पाऊस. म्हणजे वर्षाला ३६ लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे ३६० टँकर. सड्यावरच्या वाड्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. आतून गिलावा केलेली एखादी जुनी चिरेखाण या पाण्यासाठी राखली, तर मुलं खेळतील आणि वाडीला पाणीही मिळेल. छपराचं पाणी तिथे नेणारं पन्हळ कोणत्याही अंदाजपत्रकातून गळू नये, असं मला मनापासून वाटतं.

तर क्रम असा. दसऱ्याला पाया. शिमग्यापर्यंत खांब उभे, कैच्या चढलेल्या. आगोटीच्या दिवसांत पत्रे. पाऊस सुरू झाला की एरवी कोकणातली बांधकामं थांबतात आणि मजूर गावी जातात. इथे मात्र कोरड्यात बसून पायऱ्यांचे चिरे घडवता येतील.

(दृश्य: जुलै. बाहेर मुसळधार पाऊस. आत नुसतं छप्पर, अर्ध्या पायऱ्या, चोपून सपाट केलेली तांबडी जमीन.)

त्या पहिल्या पावसाळ्यात इथे फरशी नसेल, दिवे नसतील, बसायला जागा नसेल. एका टोकाला गाड्यावरचा एक खांब आणून ठेवायचा, दहा फुटांवर रिंग लावलेला. संध्याकाळी गवंडी हातपाय धुऊन गेले की मुलं येतील, चपला पडवीत काढतील आणि चेंडूचा पहिला टप्पा तांबड्या मातीवर पडेल.