मिलेचं एचिंग : सरवा वेचणाऱ्या तिघी

नमस्कार! आज एकच चित्र बघायचंय आणि त्यात रंग नाहीत. झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं 1855-56 मधलं एचिंग, म्हणजे ॲसिडनं कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर घेतलेला ठसा. हाच विषय तैलरंगात तुम्ही बहुतेक पाहिला असेल; ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पण ते 1857 चं. म्हणजे एचिंग आधीचं आहे, त्या प्रसिद्ध चित्राची नक्कल नव्हे.

जागा आहे बार्बिझों गावाजवळचं सपाट शेतरान, फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून. उन्हाळा सरत आलाय, शरद दाराशी आहे. गहू कापून झालाय. मागे गंज्या आणि भरलेली गाडी दिसते. पुढे तीन बायका वाकून सरवा वेचताहेत, कापणीत गळालेली कणसं एकेक करून.

ही चोरी नाही बरं का. सरवा वेचायचा गरिबांचा हक्क फ्रान्समध्ये फार जुना. 1554 च्या राजाज्ञेनं तो म्हातारे, अपंग, लहान मुलं, ज्यांच्यात कापणीची ताकद नाही अशांपुरता ठेवला. पुढे 1810 च्या दंडसंहितेत आलं की शेत पूर्ण रिकामं होण्याआधी किंवा सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर सरवा वेचला तर दंड. एवढ्या अटींमधून जे हाती लागेल, ते घरी न्यायचं.

आता रेषा बघा, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात. चित्रकार सुईनं तो थर खरवडतो, पत्र्याला फारसा धक्का लावत नाही. मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे तांबं उघडं पडलंय, तिथे ॲसिड ते खातं आणि खाच पडते. त्या खाचेत शाई भरून कागदावर ठसा घेतात. जितका जास्त वेळ, तितकी खाच खोल, तितकी शाई जास्त आणि रेष काळी. म्हणून दूरच्या, फिक्या रेषा लवकर झाकून टाकतात आणि पुढच्या तशाच ॲसिडमध्ये राहू देतात.

मिलेनं या तंत्राचा काय उपयोग केलाय बघा! मागची सगळी सुबत्ता, ते भरघोस पीक, पुसट रेषांत आहे. वजन सगळं पुढे, या तिघींच्या पाठींवर. रंगीत चित्रात मागचं सोनेरी ऊन डोळ्याला सुखावतं, मन थोडं तिकडे रेंगाळतं. इथे ती सोय नाही. वाकलेली कंबर, जाडंभरडं लुगडं म्हणावं तसा घागरा, आणि जमिनीकडे गेलेला हात. म्हणून मला एचिंग जास्त खरं वाटतं.

तैलचित्र 1857 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, लागलं तेव्हा पॉल द सें-व्हिक्तोर या समीक्षकानं या तिघींना दारिद्र्याच्या नियतिदेवता म्हटलं. मला हे पटत नाही. एक वेचतेय, एकीचा हात पुढे गेलाय, तिसरी अर्धी उठलीय. या कामात गुंतलेल्या बायका आहेत, भीती घालायला आलेल्या नाहीत. मिले शेतकऱ्याचा मुलगा, नॉर्मंडीतल्या ग्रुशीचा. तरुणपणी शेतात राबलेला. कंबर कुठे भरून येते, हे त्याला ठाऊक होतं.

आणखी एक. फ्रान्समध्ये एचिंगची लाट आली ती 1862 च्या आसपास, आल्फ्रेड कादार या प्रकाशकानं एचिंग करणाऱ्यांची संस्था काढली तेव्हा. मिलेनं त्याआधीच हे काम करून ठेवलं होतं.

कागदाला उजेड सोसत नाही, त्यामुळे संग्रहालयं असे ठसे बहुतेक वेळ कपाटातच ठेवतात. पण मोठी संग्रहालयं त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन फुकट देतात. एखादी उघडा, झूम करा. आधी मागची गाडी बघा, मग पुढचे हात बघा, आणि दोन्हीकडच्या रेषांत काय फरक दिसला ते खाली कळवा. पुढच्या भागात मिलेचंच 'खणणारे' हे एचिंग बघू. व्हॅन गॉगनं 1889 मध्ये त्यावरून रंगीत चित्र केलं होतं.