आपटल्याचा आवाज

(दृश्य: पहाट. बेळगावच्या शहापुरातल्या एका तालमीचं दार. आतून शड्डूचा आवाज.)

तालमीत डोळे मिटून बसलात तरी कुस्ती कळते. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. तिच्यावर अंग कुशीवर पडलं तर एक आवाज होतो, पाठीवर पडलं तर वेगळा. इथले वस्ताद भिंतीकडे तोंड करून हळद कुटत बसलेले असतात आणि मागे न बघताच ओरडतात, "अरे पाठ लागली न्हाई त्येची, सोडू नको!" बघितलं तर खरंच लागलेली नसते.

आज आम्ही त्यांच्याकडे कुस्तीबद्दल विचारायला आलेलो नाही. आलोय एका सिनेमाबद्दल विचारायला, आणि तोही पडलेल्या.

(दृश्य: बेळगावचे रस्ते. गणपत गल्ली, खडे बाजार. एका बंद थिएटरचं जाळीचं गेट.)

१६ जानेवारी २००९, शुक्रवार. संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, घराघरात तिळगूळ उरलेला. त्या दिवशी 'चांदनी चौक टू चायना' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निखिल अडवाणी. अक्षय कुमार, दुहेरी भूमिकेत दीपिका पदुकोण, सोबत मिथुन चक्रवर्ती. पैसा घालणाऱ्यांत हॉलिवूडची वॉर्नर ब्रदर्स. चित्रीकरण थेट चीनच्या भिंतीवर. आदल्या ऑगस्टमध्येच अक्षयचा पगडीवाला सिनेमा धो धो चालला होता, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोरांना पहिल्या आठवड्याचं तिकीट म्हणजे अब्रूचा प्रश्न वाटत होता. शिवाय हा हिरो बँकॉकला जाऊन मारामारी शिकून आलेला, तिथं हॉटेलात राबलेला, हे सगळ्यांना तोंडपाठ. म्हणजे लुटुपुटूचा गडी नव्हे, असा हिशोब.

दुसऱ्या दिवशी १७ जानेवारी. सीमाभागात हा हुतात्मा दिन. १९५६ साली याच दिवशी बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. मामा सकाळी हुतात्मा चौकात अभिवादनाला गेला, घरी येऊन आंघोळ केली, चहा घेतला आणि मला म्हणाला, "चल, उद्या मॅटिनीला जाऊ." त्याच दिवशी जाणं त्याला बरं वाटलं नसावं. आम्ही रविवारी गेलो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. दिल्लीतल्या पराठ्यांच्या गल्लीत भाजी चिरणारा सिद्धू. स्वतःच्या हिमतीवर विश्वास नाही, बाबा-बुवांवर भारी. त्याला बटाट्यात गणपती दिसतो. तिकडे चीनमध्ये एक गाव होजो नावाच्या गुंडाच्या जाचाखाली. त्या गावचे दोघं आपला जुना योद्धा परत जन्माला आलाय म्हणून त्याला शोधत दिल्लीत येतात आणि सिद्धूलाच तो मानून बसतात. त्यांचं बोलणं सिद्धूला सांगायला एक दुभाष्या, चॉपस्टिक. तो लबाड. लढायला यायचंय हे तो सांगतच नाही. सिद्धू मजेत चीनला निघतो.

या दुभाष्यापाशी जरा थांबू. तेव्हा आमचं थिएटर खरं हसलं ते त्याच्यापायी.

दिल्ली-मुंबईत त्या प्रसंगाला किती हशा मिळाला माहीत नाही, पण बेळगावात दुभाष्याचं काम न केलेलं मराठी पोर सापडायचं नाही. आम्ही शिकतो मराठीत, शाळेत कन्नड एक विषय म्हणून, आणि कचेरीतून घरी येणारा कागद मात्र सगळा कन्नडमध्ये. मी सातवीत असताना आज्जीबरोबर अशाच एका कचेरीत गेलो होतो. साहेबांनी तिसऱ्यांदा "उद्या या" सांगितलं. आज्जीनं पदर खोचला आणि मराठीत म्हणाली, "ह्याच्या तोंडात माती पडो, विचार त्याला उद्या कुठल्या वर्षातला." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ओळ्ळेदागली अंतारी." तुमचं भलं होवो म्हणतायत. साहेब विरघळले, आज्जीला बसायला खुर्ची दिली. आज्जीला वाटलं, शिवी लागू पडली. कागद त्या दिवशीच मिळाला आणि दोघंही मरेपर्यंत खूश राहिले.

तर पडद्यावर रणवीर शौरीचा चॉपस्टिक दोन्हीकडच्यांना वेगवेगळं सांगत होता आणि थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू हायस की रे हा!" आम्हाला वाटलं, आता ही लबाडी वाढत जाणार, अंगाशी येणार, चीनच्या भिंतीवर दोन भाषांची झोंबी होणार. पण चीनमध्ये पोचल्यावर सिनेमाला त्या दुभाष्यात फारसा रसच उरला नाही. हातात आलेला डाव सोडून दिला.

(दृश्य: थिएटरमागची मोकळी जागा. तुटकी पत्र्याची शेड.)

इथं गाड्यांचं स्टँड होतं. ते सांभाळणारे काका आता घरीच असतात. त्यांनी आयुष्यात फार थोडे सिनेमे आत बसून पाहिले, पण कुठला चालणार हे त्यांना शुक्रवारी संध्याकाळीच कळायचं.

"किक ऐकायची ओ. पिच्चर सुटायच्या आधी गाड्या निघूलाल्या की समजायचं, आत काय खरं न्हाई. ह्या पिच्चरला इंटरव्हलपर्यंत आतनं हसण्याचा आवाज. मला वाटलं, हा चार आठवडे बसतोय. आणि इंटरव्हल झाल्यावर चा पिऊन पोरं हितं येऊन उभी. मी म्हटलं, काय रे, सुटला? तर म्हणतात, न्हाई काका, आता त्यो रडूलालाय."

काकांनी न बघता केलेलं हे परीक्षण अचूक आहे. मध्यंतराच्या सुमारास होजो सिद्धूला वाढवणाऱ्या दादाला, म्हणजे मिथुनला, मारतो आणि विनोदी सिनेमा सूडकथा होऊन बसतो. बिछडलेल्या जुळ्या बहिणी आहेत, स्मृती गेलेला बाप आहे. बाप पोलीस अधिकारी होता, आता भिकारी. हिंदी सिनेमानं सत्तरच्या दशकात वापरून गुळगुळीत केलेलं सगळं सामान विमानानं चीनला नेलेलं. लोकांना रडण्याची ना नव्हती. इथं लोक नाटकालाही रडतात आणि कीर्तनालाही. पण तासभर बटाट्यातल्या गणपतीवर हसवून मग एकदम छाती पिटायला लावली, तर माणूस गोंधळतो. लिंगराज कॉलेज रोडला भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांना ती छत्रीची उडी आवडली होती. उंच इमारतीवरून नायक-नायिका छत्रीचं पॅराशूट करून तरंगत येतात, ती. "गंमत हाय, गंमतच म्हणून दाखवली," ते म्हणाले. "पण त्याच माणसाला पुढं खरं दुखतंय असं मी का मानू?"

नेपाळमध्ये तर दुसरंच झालं. बुद्धाचा जन्म भारतात झाला असा उल्लेख चित्रपटात असल्यावरून निदर्शनं झाली, प्रदर्शन थांबलं. लुंबिनी नेपाळात आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. आमच्याकडे लोक या बातमीवर हसले नाहीत. कुठलं गाव रेघेच्या कुठल्या बाजूला, यावरून काय काय होतं ते इथं सांगावं लागत नाही.

(दृश्य: वडगावातलं एक स्वयंपाकघर. चुलीवर पालथं घातलेलं भांडं. दोन हातांवर पसरत जाणारा मांडा.)

या बाई लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करतात. उंडा हातावर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरतात आणि क्षणात पालथ्या भांड्यावर टाकतात. पदर जरा जाड राहिला की मांडा गेला. त्यांचं मत आमच्या पाहणीतलं सगळ्यात कडक निघालं.

"हिरो स्वैपाकघरातला म्हणून मी हौसेनं गेले. पोरांना घेऊन गेले. आचाऱ्यावर कोण पिच्चर काढतंय? पण ती गल्ली फार लवकर सुटली. आणि त्याचं ते शिकणं! मला हा मांडा हातावर फिरवायला यायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी सासू नुसतं पीठ मळायला लावायची. हा गडी दाढी वाढवतो, पळतो, दोन लाथा मारतो, झाला तयार. काय शिकला ते मला दिसलंच न्हाई."

बोलता बोलता त्यांनी चार मांडे उतरवले.

आता तालमीत परत. वस्तादांनी हा सिनेमा पोरांच्या हट्टापायी पाहिला होता आणि पंधरा वर्षांत त्याचा विषय काढला नव्हता. आम्ही मोबाईलवर मारामारीचे दोन प्रसंग दाखवले. त्यांनी चष्मा लावला आणि आधी चित्र न बघता आवाज ऐकला.

"सगळीकडं एकच आवाज हाय. भिंतीवर पडला तरी ढप्प, मातीत पडला तरी ढप्प."

मग चित्र. नायक हवेत उडतो. अशा दृश्यांत नटाच्या कपड्याखाली कमरेला पट्टा असतो, त्याला पोलादी तार, तार कप्पीवरून जाते आणि खाली माणसं ओढतात. तार नंतर संगणकावर पुसतात. हाँगकाँगवाल्यांनी ही विद्या फार वर नेलेली. वस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी प्रसंग दोनदा थांबवायला लावला आणि म्हणाले, "ह्येला कमरेनं उचललाय. माणूस उडी मारतो तवा आधी गुडघा वाकतो. ह्येचा गुडघा सरळ आन् कंबर वर. पाय जमिनीला जोरच दीना." एवढं बोलून त्यांनी तो शब्द वापरला, जो आमच्याकडे फडावर उच्चारला तर भांडणं होतात: "नुरा हाय."

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून खेळलेली. दोघं पैलवान खरे, डाव खरे, घाम खरा, फक्त निकाल आतून ठरलेला. पब्लिकला ती लगेच कळते, कारण पडणारा थोडा लवकर पडतो. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे याच जिल्ह्यातले, १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. त्या पिढीच्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला उडणाऱ्या माणसाचा राग येत नाही. वस्ताद मारुतीचे भक्त आहेत, उड्डाणाचं त्यांना काय कौतुक. त्यांचा राग पडण्यावर होता. समोरचे गुंड फार लवकर पडत होते.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर होजो. त्याची टोपी.)

होजो आला तसे वस्ताद पुढे झुकले. टोपी फेकून माणसं कापणारा हा खलनायक म्हणजे गॉर्डन लिऊ, हाँगकाँगचा मोठा नट. वस्तादांना नाव माहीत नाही.

"थांब थांब. ह्येला मी बघितलाय. ह्यो बादल्यावाला टकल्या!"

बरोबर. १९७८ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सनं काढलेल्या शाओलिनच्या एका चित्रपटात लिऊ नायक होता. त्या सिनेमाचा मोठा भाग नुसता शिकण्यात जातो. दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडाला अशी पाती बांधलेली की हात खाली आला की आपलीच बरगडी कापली जाते. वस्तादांनी तो तरुणपणी व्हिडिओवर पाहिला होता, टेप अडकत होती तरी पूर्ण. असला माणूस हाताशी असताना त्याच्या डोक्यावर टोपी ठेवून त्याला नुसता डोळे वटारायला उभा केला, हे त्यांना काही केल्या पटेना.

माझ्या भाच्याला मात्र हा सिनेमा आवडतो. त्यानं तो कधी सलग पाहिलेला नाही. टीव्हीवर जेवताना दहा मिनिटं, मोबाईलवर दोन. बटाटा, छत्री, चॉपस्टिक. दादा लाथ मारून सिद्धूला आभाळात पाठवतो तो प्रसंग त्यानं आम्हाला तीनदा दाखवला. पुढचं विचारलं तर म्हणाला, "पुढं कशाला बघायचं?" मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला.

(दृश्य: तालीम. दिवस वर आलेला. पोरं अंगावरची माती निपटतायत.)

आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात वस्तादांनी हाक मारली. त्या बादल्यावाल्याचा सिनेमा मोबाईलवर मिळतो का, म्हणाले. लहानसा तुकडा मिळाला. पोरं भोवती गोळा झाली. लिऊ हात ताणून पायऱ्या चढत होता, पाणी हिंदकळत होतं. तुकडा संपला तरी वस्ताद काळ्या पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली, कोपऱ्यात मातीवर मारायच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, आणि त्यांची नजर सगळ्यात धाकट्या पोरावर गेली.

पोरगं म्हणालं, "वस्ताद, न्हाई ओ."